नाशिकमध्ये दोन दिवसांचा कथामहोत्सव: लेखक, कथाकथनकार, माईक आणि मानधन यांचं गणित कसं बसवायचं?

सातपूर_वाचनकट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत नाशिकमध्ये छोटा कथामहोत्सव करायचं घाटतंय. शनिवारची संध्याकाळ आणि रविवार पूर्ण दिवस. सभागृह अडीचशे खुर्च्यांचं. गंगापूर रोड किंवा टिळक पथ, जिथे तारीख मिळेल तिथे. प्रवेश विनामूल्य.

पाहुणे असे: तीन लेखक (दोन मुंबईचे, एक पुण्याच्या), दोन कथाकथनकार, बागलाणातल्या अहिराणीत गोष्टी सांगणाऱ्या एक बाई, आणि जमलं तर कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला). रविवारी सकाळी मुलांचं एक सत्र.

कच्चा आराखडा: शनिवारी ५ ला दीपप्रज्वलन, सगळ्या पाहुण्यांचा सत्कार, प्रास्ताविक, अध्यक्षीय मनोगत, लेखकाची मुलाखत, लगेच तीन कथा, ९ ला समाप्त. रविवारी १० ते ८ सात सत्रं.

अडलंय ते असं. लेखकाला आणि कथाकथनकाराला सारखाच वेळ द्यावा का? माईक कोणते सांगायचे? मानधन रोख दिलं तर चालतं का? आणि एक कथाकथनकार स्वतःची नाही, दुसऱ्या लेखकाची गाजलेली कथा सांगणार आहेत, तर त्याला परवानगी लागते का?

---

विंगेतून

आराखडा पाहून एवढं नक्की सांगतो की शनिवारची तिसरी कथा रिकाम्या खुर्च्यांना ऐकवावी लागेल. हिशेब मांडा. सात पाहुणे. शाल, श्रीफळ, पुस्तक, नाव पुकारणं, उठून येणं, फोटोसाठी थांबणं, सगळं धरून माणशी दोन मिनिटं. ही झाली चौदा. 'सत्कार अमुक यांच्या हस्ते' असं दुसरं नाव पुकारलंत की वीस. दीपप्रज्वलन दहा, प्रास्ताविक दहा, आणि मनोगताचे 'दोन शब्द' पंचवीस मिनिटांचे. म्हणजे मधला खोळंबा धरून सव्वासहाला मुलाखत सुरू होणार, ती सव्वासातला संपणार आणि कथा साडेसातला लागणार. फेब्रुवारीतही नाशिकची रात्र गार असते, शिवाय सिडको-नाशिकरोडकडे परतणारी मंडळी साडेआठला घड्याळ बघायला लागतात.

सत्कार ग्रीनरूममध्ये चहासोबत उरका, फोटो तिथेच काढा. देणगीदारांची नावं मंचावर घेणं टळत नसेल तर ती पडद्यावर दाखवा आणि निवेदकाने एका वाक्यात उल्लेख करावा. समई लावायचीच असेल तर वाती तासभर आधी तेलात भिजू द्या, टोकाला कापराची चूर लावा, मंचावरचे पंखे बंद ठेवा. कोरडी वात आणि चालू पंखा, एवढ्यावर पाच मिनिटं जातात आणि सगळा हॉल काडेपेटीकडे बघत बसतो.

आता वेळेचा मूळ प्रश्न. सारखा वेळ अजिबात देऊ नका, दोन्ही कामं वेगळी आहेत. मुलाखतीला ४५ मिनिटं पुरतात: ओळख तीन, गप्पा तीस, प्रश्नोत्तरं बारा. कथाकथनाला मिनिटं आधी विचारायची नाहीत, शब्द विचारायचे. मराठी मजकूर सावकाश वाचला तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. तीन हजार शब्दांची कथा वाचली तर पंचवीस-सव्वीस मिनिटं. तीच तोंडाने सांगितली की हशा, विराम, पात्रांचे आवाज धरून पस्तीस. कथाकथनकार 'वीस मिनिटांत बसवतो' म्हणाले तर नम्रपणे विचारा की कुठला भाग गाळणार. उत्तर तयार नसेल तर वीसची पस्तीस होणार हे धरूनच पुढचं सत्र लावा.

क्रम तुम्ही बरोबर लावलाय, मुलाखत आधी आणि कथा नंतर. उलटं केलं की हसून मोकळ्या झालेल्या श्रोत्यांसमोर लेखक शांतपणे बोलायला लागतो आणि लोक चहाला उठतात. फक्त मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी द्या. तीन कथांतही दोन विनोदी पाठोपाठ नकोत. दुसरीवर अन्याय होतो. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर एका मंचावर चालत याचं एक कारण हे की तिघांच्या तऱ्हा वेगळ्या होत्या. गंभीर कथा मधे, सगळ्यात खळखळून हसवणारी शेवटी.

मंचावरच्या बारीक गोष्टी. मुलाखतीला सोफा नको. माणूस त्यात रुततो, पोट दबतं, आवाज खाली जातो, आणि साडी किंवा धोतर असेल तर उठताना पंचाईत. हाताच्या साध्या खुर्च्या, एकमेकांकडे अर्ध्या वळलेल्या. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत नाही, काचेच्या पेल्यात; बाटली दाबली की कडकड थेट माईकमध्ये. अभिवाचन असेल तर संहिता १६ पॉइंटमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला, स्टेपल न मारता, परिच्छेद पान ओलांडणार नाही अशी छापा. वाचलेलं पान उलटायचं नाही, शेजारी सरकवायचं. आणि प्रत्येक पानावर आकडा हवाच. पानं हातातून सांडली की त्याची किंमत कळते.

दिव्यांबाबत एक सांगतो, कारण नाटकाची सवय असलेले ऑपरेटर इथे हमखास चुकतात. ते सभागृह काळोखं करतात. नाटकाला ते ठीक. कथाकथनकाराला मात्र समोरचे चेहरे दिसायला लागतात, हशा कुठे पिकतोय बघून तो पुढचा विराम ठरवतो. हॉलचे दिवे निदान पहिल्या सात-आठ रांगांवर मंद चालू ठेवा, आणि समोरचा स्पॉट डोळ्यांत जाणार नाही इतका वर.

तारखेचं म्हणाल तर २७ फेब्रुवारीचा आठवडा टाळा. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी राज्यभर कार्यक्रम असतात, बोलणारी माणसं सहा-सहा महिने आधी गुंतलेली असतात आणि नाशिकचे हॉलही. बारावीची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, तेव्हा मुलांचं सत्र ठरवताना कॉलेजचे स्वयंसेवक मिळणार नाहीत हे धरा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची तारीखही बघून घ्या, ती दरवर्षी हलते: २०२५ ला फेब्रुवारीत दिल्लीला झालं, २०२६ ला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साताऱ्याला.

---

फेडर

आवाजाबद्दल. अडीचशे खुर्च्यांच्या बंद सभागृहाला दोन कॉलम (उभे स्पीकर) आणि आठ चॅनलचा मिक्सर पुरतो. साउंडवाल्याकडे 'चार माईक' असं मोघम सांगू नका. यादी द्या: दोन कॉर्डलेस हँड माईक, एक हेडसेट, पोडियमला एक, आणि एक वायरचा माईक स्टँडला लावून विंगेत तयार. हा पाचवा बहुतेकदा वापरला जात नाही. पण कॉर्डलेस दगा देईल तेव्हा दहा सेकंदांत हातात देता आला पाहिजे.

कथाकथनकाराला हेडसेट द्या किंवा स्टँडवरचा माईक, कॉलरचा नको. कॉलर माईक छातीवर असतो. पात्र बदलताना माणूस मान डावी-उजवीकडे फिरवतो, तोंड माईकपासून दूर जातं आणि पाटलाचा आवाज ऐकू येतो, पाटलीणबाईंचा गायब. ऑपरेटर आवाज चढवतो आणि शिट्टी सुरू होते. हँड माईक असेल तर हनुवटीच्या समोर चार बोटांच्या अंतरावर, किंचित तिरका. सरळ तोंडासमोर धरला की फ, भ, ख या अक्षरांना फुस्स-फट्ट होतं. मिक्सरवर त्या चॅनलचा लो कट चालू करायला सांगा, १०० हर्ट्झच्या आसपास. बोलण्यातलं त्याखाली काही कामाचं नसतं, फक्त धडधड आणि पंख्याची घरघर असते.

सगळ्यात महत्त्वाचं, नॉइज गेट बंद. लग्न-सभांची सवय असलेल्या मंडळींच्या मिक्सरवर तो चालूच असतो. ठरावीक पातळीखालचा आवाज तो कापून टाकतो. भाषणाला फरक पडत नाही. कथेत मात्र नायिका कुजबुजते, ते वाक्य अर्धं येतं, आणि शेवटच्या विरामात हॉल एकदम 'मेल्यासारखा' होतो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज थोडा दाबणारा) हवा असेल तर हलका, ३:१ पुरे. आणि ऑपरेटरला सांगा की कथाकथनकार मुद्दाम हळू बोलत असतात, तेव्हा फेडरला (आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीला) हात लावू नकोस. दहा मिनिटांची साउंड चेक तीन गोष्टींसाठी घ्या: सर्वांत हळू वाक्य, सर्वांत मोठी आरोळी, आणि मान फिरवून बोललेलं एक वाक्य. 'हॅलो, माईक टेस्टिंग' यातून काहीच कळत नाही.

रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं बसली की तो शोषला जातो. त्यामुळे दुपारी चांगला वाटलेला आवाज संध्याकाळी थोडा पातळ वाटेल. पहिल्या दोन मिनिटांत शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका. कॉर्डलेसचे सेल नवे अल्कलाइन, दर चार तासांनी बदला, संपायची वाट बघू नका. दिवे आणि साउंड एकाच एक्स्टेंशनवर घेतले तर कॉलममधून गुणगुण येते, तेव्हा दोन्हींची लाइन वेगळी मागा.

गोदाघाटावर उघड्यावर करायचा मोह होईल. वसंत व्याख्यानमालेमुळे पटांगणावर ऐकायची सवय नाशिकला पिढ्यान् पिढ्या आहे. पण तिथे आरती, घंटा, वारा यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. माईकला स्पंज लागतोच. शिवाय लांबच्या श्रोत्यांसाठी मधे कॉलमची दुसरी जोडी ठेवली तर ती डिलेवर टाकायला, म्हणजे तिचा आवाज किंचित उशिरा सोडायला हवा: आवाज एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे मंचापासून २० मीटरवरच्या कॉलमला साधारण ६० मिलिसेकंद. नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आणि उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि तो लावायची परवानगी पोलिसांकडून आधीच घ्यायची. पहिल्याच वर्षी तरी बंद सभागृह बरं.

प्रश्नोत्तरांचा माईक श्रोत्याच्या हाती सोपवू नका. स्वयंसेवकाने तो स्वतः धरून उभं राहायचं. माईक हातात मिळाला की प्रश्नाचं भाषण होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

---

खतावणी

परवानगीच्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा हो, लागते. आपल्याकडे साहित्याचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, आणि ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हक्क वारसांकडे. आपले तात्यासाहेब शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. अनुवादित कथा असेल तर मूळ लेखक कितीही जुना असो, अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा.

कायद्यात सवलती आहेत. प्रकाशित साहित्यातला माफक उतारा जाहीर वाचायला हरकत नाही. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर प्रयोग केला तर त्यालाही सूट आहे. पण तुमचे कथाकथनकार मानधन घेऊन पूर्ण कथा सांगणार, तिथे या सवलतीच्या भरवशावर राहू नका. प्रकाशकाला पत्र लिहा: कथेचं नाव, संग्रह, तारीख, ठिकाण, प्रवेश विनामूल्य, रेकॉर्डिंग होणार की नाही. प्रकाशकाकडे हक्क नसतील तर ते वारसांकडे पाठवतील. निदान सहा आठवडे हातात ठेवा. बहुतेक वारस आनंदाने होकार देतात, अडतं ते शेवटच्या आठवड्यात विचारल्यामुळे.

रेकॉर्डिंग ही दुसरीच गोष्ट. सभागृहात सांगायची परवानगी म्हणजे यूट्यूबवर टाकायची परवानगी नव्हे. तिथे दोन सह्या लागतात: कथेच्या हक्कधारकाची आणि सांगणाऱ्याची, कारण सादरकर्त्यालाही स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो. कथाकथनावर पोट असलेला माणूस 'पूर्ण कथा टाकू नका, पाच मिनिटं टाका' म्हणतो तेव्हा तो नखरे करत नसतो. एकदा कथा फुकट ऐकायला मिळाली की पुढच्या गावाला तीच कथा सांगता येत नाही. निमंत्रणपत्रातच ओळ घाला: किती मिनिटं, कुठे, किती काळ.

मानधन. रोख देऊ नका, बँकेत टाका. पॅन आणि खात्याचा तपशील निमंत्रणासोबतच मागा, कार्यक्रमाच्या रात्री पाकीट हातात देताना नाही. संस्था नोंदणीकृत असेल तर टीडीएस (मानधनातूनच कापून भरायचा आयकर) कापायचा की नाही हे सीएकडून आधी ठरवून घ्या आणि पाहुण्याला आकडा सांगतानाच 'कर वजा करून की धरून' हे स्पष्ट करा. कर कापायचा असेल आणि पॅन दिलेला नसेल तर दर २० टक्क्यांवर जातो. प्रवासखर्च मानधनात मिसळू नका, तिकिटावर वेगळा द्या. आणि लेखकाला कमी, कथाकथनकाराला जास्त, असं झालं तर बिचकू नका. एक जण येऊन गप्पा मारतो, दुसरा पस्तीस मिनिटं एकट्याने रंगमंच सांभाळतो. फक्त दोन लेखकांत फरक करू नका, ते एकमेकांना विचारतात.

---

सातपूर_वाचनकट्टा

फार उपयोगी, आभार. सत्कार ग्रीनरूममध्ये नेतो (समितीत भांडण होईल, पण नेतो). चित्रकथी आणि अहिराणीबद्दल कुणी सांगेल का? चित्रकथीला अडीचशे श्रोते झेपतात का, आणि अहिराणी न कळणाऱ्यांसाठी भाषांतर द्यावं का?

---

पोथीपट

चित्रकथी मुळात देवळाच्या ओवरीत, पन्नास-साठ माणसांसमोर सांगायची कला. चित्रांची पोथी मांडीजवळ उभी धरतात, एकेक चित्र पुढे येत जातं, सोबत वीणा, टाळ आणि हुडूक हे तालवाद्य. चित्र दीड फुटाच्या आतबाहेरचं. सहाव्या रांगेनंतर ते रंगीत चौकोन दिसतं, एवढंच. अडीचशेला दाखवायचंच असेल तर समोर तिकाटण्यावर एक कॅमेरा, आणि चित्र मागच्या पडद्यावर. त्यात दोन अडचणी. मंचावरचा दिवा कागदावर चमकतो, म्हणून प्रकाश तिरका, दोन्ही बाजूंनी. आणि कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर ठेवला की दर चित्राला उजेड वर-खाली होतो. तो मॅन्युअलवर लॉक करा. सर्वांत बरं म्हणजे पडदा विसरा, मंचासमोर खाली सतरंज्या टाका, ऐंशी माणसांना जवळ बसवा, रविवारी असे दोन खेळ लावा, पाऊण पाऊण तासाचे. कलाकारांना मात्र आधी विचारा, दोन्ही वेळा वाद्यं जुळवणं, गळा सांभाळणं त्यांचं असतं. गाणाऱ्याला वेगळा माईक, वीणेला दुसरा; हुडुकाला नको, तो आपोआप पोचतो.

पिंगुळीतल्या या कलेला २०२१ च्या पद्मश्रीमुळे नाव झालंय, तेव्हा तारीख लवकर धरा. कुडाळहून नाशिक म्हणजे एक रात्र प्रवासातच जाते. त्याच दिवशी उतरून संध्याकाळी सादर करा असं सांगू नका. एक दिवस आधी मुक्काम, आणि चित्रं ठेवायला कोरडी, कुलूपबंद खोली.

अहिराणीचं भाषांतर वाटू नका. कागद हातात आला की लोक वाचत बसतात आणि बाईंकडे कुणी बघत नाही. निवेदकाने आधी सात-आठ शब्द सांगावेत: आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, बठ्ठा म्हणजे सगळा, अशा तऱ्हेने. हे शब्द बाईंनाच विचारून त्यांच्या गोष्टीतले निवडा, कारण बागलाण, मालेगाव, धुळे इथली अहिराणी सारखी नाही. बाकी कथा हातवाऱ्यांतून आणि लयीतून पोचते. आणि कृपा करून त्यांना 'ग्रामीण कथा' या सत्रात ढकलू नका. मुलाखत झालेल्या लेखकाच्याच संध्याकाळी, त्याच मंचावर बसवा.

कीर्तनकार बोलवायचा विचार पुढे कधी आला तर एक लक्षात ठेवा: नारदीय कीर्तन पूर्वरंग (निरूपण) आणि उत्तररंग (आख्यान, म्हणजे कथा) असं दोन अंगांनी चालतं, त्याला पाऊण तासात कोंबलं की निरूपण उरतं आणि आख्यान जातं. कथामहोत्सवाला हवं असतं ते आख्यानच. दीड तास देता येत नसेल तर नका बोलवू.

---

विंगेतून

पोथीपट यांच्याशी एका बाबतीत असहमत. निवेदकाने शब्दांचे अर्थ सांगणं म्हणजे सुरू होण्याआधीच वर्ग भरवणं. बाईंनाच पहिली तीन मिनिटं गप्पांना द्या. त्या स्वतःच 'तुम्ही ज्याला हे म्हणता त्याला आम्ही हे म्हणतो' असं करत हसवतील आणि शब्दही पेरतील. निवेदक फक्त नाव सांगून खाली.

मुलांचं सत्र राहिलं. पाच ते आठ आणि नऊ ते तेरा असे दोन गट करा, एकत्र बसवू नका. लहानांना पंचवीस मिनिटं, मोठ्यांना चाळीस. मंच नाही, सतरंजी. सांगणाऱ्याला बुटकी खुर्ची. चाळीस मुलांपर्यंत माईक नको. पालक मागच्या भिंतीला, मुलांमध्ये नाही. नाहीतर 'ऐक ना नीट' हे वाक्य गोष्टीपेक्षा जास्त वेळा ऐकू येतं.

---

पुस्तकपेटी

विक्रीच्या टेबलाकडे कुणी वळलंच नाही. लेखक बोलून झाल्यावरची पंधरा मिनिटं, तेवढ्यातच पुस्तकं जातात. अडीचशे श्रोत्यांना त्या लेखकाच्या नव्या पुस्तकाच्या तीस-चाळीस प्रती, जुन्या प्रत्येकाच्या दहा-बारा. परतीच्या बोलीवर घ्या आणि चलनावर प्रती मोजून सही करूनच उतरवा. संध्याकाळी घाईत मोजदाद चुकते आणि फरक तुमच्या अंगावर येतो. कथाकथनकारांचे संग्रह मागवायला आयोजक हमखास विसरतात. कथा ऐकून हसलेला माणूस पाच मिनिटांत तीच कथा छापील मागतो, तेव्हा टेबलावर ती नसते.

सहीचं टेबल दाराबाहेर ठेवा, पण वाटेत नको, रांग भिंतीकडेने जाऊ दे. एका सहीला फोटो धरून पाऊण ते एक मिनिट. चाळीस जण म्हणजे चाळीस मिनिटं, म्हणून त्या लेखकाला लगेचच्या सत्रात काम देऊ नका. रांगेतल्या प्रत्येकाला स्वयंसेवकाने चिठ्ठीवर नाव लिहायला लावावं: वृषाली की वृशाली, दीप्ती की दीप्ति, हे दर वेळी विचारत बसलं की रांग थांबते. पुस्तकाच्या साध्या कागदावर बॉलपेन चांगला, गुळगुळीत आर्ट पेपरच्या पुस्तकाला जेल पेन पसरतो. दोन मार्कर वेगळे ठेवा. क्यूआर कोड दोन ठिकाणी चिकटवा. सभागृहाच्या आत रेंज नसते, पेमेंट अडकलं की रांगही अडकते, तेव्हा टेबल जिथे रेंज आहे तिथे.

---

कसारा_घाट

प्रवासाचं राहिलंय ते सांगतो, कारण पहिलं सत्र बहुतेकदा याच्यामुळे उशिरा लागतं. मुंबईच्या लेखकाला पंचवटी एक्स्प्रेस सुचवू नका, ती सकाळी इकडून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परतते, तुमच्या उपयोगाची उलटी. येताना सकाळची तपोवन एक्स्प्रेस किंवा शिर्डीची वंदे भारत बघा. उतरायचं नाशिकरोडला, आणि तिथून गंगापूर रोड शनिवारी दुपारी पाऊण तास धरा. गाडी पाठवताना ड्रायव्हरचा नंबर लेखकाला आणि लेखकाचा डबा ड्रायव्हरला आदल्या रात्रीच कळवा. रस्त्याने येणार असतील तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण ठाणे-भिवंडीतून बाहेर पडायला लागणारा वेळ तेवढाच आहे.

पुण्याहून सरळ रेल्वेमार्ग नाही. सव्वादोनशे किलोमीटरच्या आतला रस्ता, नारायणगाव-संगमनेर-सिन्नरमार्गे, आणि चाकणला अडकलात तर सहा तास. पाचच्या सत्राला पुण्याच्या लेखिका येणार असतील तर शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला बोलवा. २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरात चालू आहेत, कुठला रस्ता कधी वळवतील सांगता येत नाही, म्हणून हॉटेल सभागृहापासून चालत जाता येईल असंच घ्या.

आणि कार्यक्रमाआधी पाहुण्यांना मिसळ खायला नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. तर्री आणि वर थंडगार ताक, दोन तासांनी घसा बसतो. कोमट पाणी, वरण-भात, आणि मिसळ रविवारी निघताना.

---

सातपूर_वाचनकट्टा

नवा आराखडा: शनिवारी ५ ला समई आणि पाच मिनिटांचं प्रास्ताविक, ५:१० ला मुलाखत, ५:५५ ला चहा आणि सह्या, ६:१५ ला अहिराणी गोष्टी, मग गंभीर कथा, मग विनोदी. ८:१५ ला बंद. रविवारी सातच्या ऐवजी पाच सत्रं, त्यात चित्रकथीचे दोन खेळ. अध्यक्षीय मनोगत स्मरणिकेत छापतोय. प्रकाशकाला पत्र आज टाकलं.

---

फेडर

सह्यांना वीसच मिनिटं ठेवलीत. पुस्तकपेटी यांचा हिशेब पुन्हा वाचा, किंवा लेखकाला ६:१५ नंतरही बाहेरच बसू द्या आणि दार बंद ठेवा. आत गोष्ट चालू असताना रांगेतला गलका हॉलमध्ये येतो.